वाचलेली आणि ऐकलेली पुस्तके

(वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या सांगतेप्रसंगी एका भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालावे, ही प्रथा आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. यंदाच्या वाचनाची आज सांगता होत आहे. गेल्या वर्षभरात मी जी पुस्तके वाचली व जी मोबाइलवर ऐकली, त्यांविषयी मला काय वाटले ते आज सांगावे, अशी सूचना मला करण्यात आली. मी काही विदुषी नव्हे. तीस वर्षे शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली, एवढाच माझा अधिकार. तेव्हा ग्रंथपरीक्षण म्हणून नव्हे, तर एका वाचणाऱ्या बाईचे मत म्हणून आपण हे ऐकावे.

आपल्यांत अशी बरीच कुटुंबे आहेत की ज्यांनी अलीकडेच धम्म स्वीकारला. दीक्षाभूमीवरून किंवा चैत्यभूमीवरून परतताना त्यांनी पुस्तके विकत घेतली. लोक तेथून खेळणी, भांडी न आणता पुस्तके आणतात, ही गोष्ट कोणाही समाजाने अभिमानाने सांगावी अशी आहे. परंतु ती पुस्तके घरात कोठे ठेवलेली असतात? पुष्कळ घरी मी ती बुद्धमूर्तीशेजारी पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेली पाहिली आहेत. ज्या कोनाड्यात पूर्वी पोथी होती त्याच कोनाड्यात आता ग्रंथ आहे. श्रावणात पोथी लागे तेव्हा एकाने वाचावे, बाकीच्यांनी हात जोडावे, अध्याय संपला की आरती व्हावी, असा क्रम असे. अर्थ कोणी विचारीत नसे. कारण पुण्य अर्थाने मिळावयाचे नव्हते, कानावर शब्द पडल्यानेच मिळावयाचे होते. आपण कोनाडा रिकामा केला, परंतु हात जोडण्याची ती सवय कोठे गेली? ती आपल्याबरोबरच आली असेल तर नवा ग्रंथही पोथीच होऊन बसेल. पुस्तक उघडावे, त्याच्या कडेला पेन्सिलीने खूण करावी, न पटले तर तसे म्हणावे. ग्रंथाचा त्याने अपमान होत नाही.

आता ऐकण्याविषयी. मोबाइलवर पुस्तक ऐकणे म्हणजे आळशी माणसांची चैन, असे मलाही शिकलेल्या माणसांनी ऐकविले आहे. मी त्यांना एवढेच विचारते की, ऐकण्याचा हक्क आपल्याला कधीपासून आहे? गौतमाच्या धर्मसूत्रात, वेद मुद्दाम ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत वितळलेले कथील व लाख ओतावी, अशी शिक्षा सांगितलेली आहे. ती प्रत्यक्षात किती वेळा दिली गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु नियम करणाऱ्याला कानाची भीती होती, हे तर त्यावरून स्पष्ट दिसते. डोळ्यांची भीती नंतरची. ज्याला ऐकूच द्यावयाचे नाही, त्याला वाचावयास शिकविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा कानांना आज जर कोणी पुस्तक वाचून दाखवीत असेल, तर त्याला चैन म्हणणे मला तरी जमत नाही. ही बोलकी पुस्तके प्रथम निघाली तीसुद्धा चैनीसाठी नव्हेत. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत व इंग्लंडात ती अंध वाचकांसाठी ध्वनिमुद्रिकांवर काढण्यात आली. ज्याच्यापाशी डोळे नाहीत त्याच्यासाठी जे झाले, ते ज्याला अक्षर मिळाले नाही त्याच्याही उपयोगी पडले तर त्यात नवल काय?

आणखी एक गोष्ट. भगवंताची वचने आरंभी पुस्तकात नव्हतीच. ती ऐकणाऱ्यांनी स्मरणात ठेवली. सुत्तांचा आरंभच मुळी, हे आपण ऐकलेले आहे, अशा सांगण्याने होतो. भाणक नावाचे भिक्खू ती पाठ म्हणून दाखवीत, आणि लंकेत ती लिहून काढण्यात आली ती इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. म्हणजे कित्येक शतके धम्म कानावरच चालला. परंतु यातली दुसरी बाजू बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मांडली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. भगवंतांच्या हयातीतसुद्धा त्यांच्या म्हणण्याचा विपर्यास करून सांगणारे होते, त्याची पाच उदाहरणे बाबासाहेब देतात. सारे काही पाठांतरावर अवलंबून असल्यामुळे पुढेही असे विपर्यास झाले असणार, विशेषतः कर्म आणि पुनर्जन्म यांच्या बाबतीत, असे ते सांगतात. मग खरे कोणते हे ओळखावे कसे? जे बुद्धीला धरून नाही आणि ज्याचा माणसाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते भगवंतांचे म्हणता येत नाही, ही कसोटी ते वाचकाच्या हाती देतात. हे मी दोनदा वाचले व एकदा ऐकले. मोबाइलवर जे जे कानी पडते त्या सगळ्याला हीच कसोटी लावावी, असे माझे मत झाले आहे.

तो ग्रंथ मी या वर्षी प्रथमच सबंध ऐकला, आणि एकटीने ऐकला नाही. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. १९५६ साली त्या लहान मुलगी होत्या आणि वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेल्या होत्या. घरात ग्रंथाची प्रत पूर्वीपासून आहे. तिला हात लावून त्या वंदन करीत, परंतु आत काय आहे ते त्यांना तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक होते. ग्रंथ मुळात इंग्रजीत, तो बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली निघाला. मराठी अनुवाद प्रसिद्ध झाला तो १९७० साली. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांनी धम्म प्रवचनांतून, गाण्यांतून आणि भिंतीवरच्या चित्रांतूनच जाणला.

नातवाने मोबाइल लावून दिला आणि आम्ही दोघी रोज दुपारी तासभर ऐकू लागलो. सिद्धार्थाने घर का सोडले, तो भाग आला. सासूबाईंना चित्रातली गोष्ट ठाऊक होती: म्हातारा दिसला, रोगी दिसला, प्रेत दिसले आणि राजपुत्र विरक्त झाला. बाबासाहेब ती गोष्ट मान्य करीत नाहीत. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा व प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. ते सांगतात ते रोहिणी नदीच्या पाण्याविषयी. शाक्य आणि कोलीय या दोघांची शेते त्या नदीवर. पाणी आधी कोणी घ्यावयाचे यावरून मारामारी झाली. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचविले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. घरच्यांवर बहिष्कार पडू नये, त्यांची शेती जप्त होऊ नये, म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

सासूबाईंनी विडीचे सूप बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "म्हंजे पान्याचं भांडन तवाई होतंच म्हना!"

मी शिक्षिका. मी तो भाग कित्येकदा वाचला होता, त्यावर विहारात बोललेही होते. महाडचा १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि रोहिणीचे पाणी यांचा विचार एका जागी करावा, हे मला त्या बाईंनी सुचविले. बाबासाहेबांनी तसे कोठे म्हटले आहे असे मी सांगत नाही. परंतु ज्या माणसाने पाण्यासाठी माणसांना तळ्यावर नेले, त्याच माणसाने पुढे बुद्धाच्या गृहत्यागाचे कारण पाण्याच्या तंट्यात पाहिले, हे ध्यानात आल्यावर त्या प्रकरणाकडे पूर्वीसारखे पाहणे मला शक्य राहिले नाही. त्यानंतर मी ते प्रकरण पुन्हा छापील प्रतीत वाचले, आणि सासूबाईंनी विचारलेल्या सहा-सात शंका वहीत उतरवून घेतल्या. त्यांतल्या दोहोंची उत्तरे अजून मला देता आलेली नाहीत.

ऐकण्यातले दोषही सांगितले पाहिजेत. काही ध्वनिमुद्रणांत मागे बासरी आणि तंबोरा वाजत असतो. दुःखाचा प्रसंग आला की वाचणारा गळा दाटून घेतो. रडावयाचे की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे असते. वाचणाऱ्याने ते आधीच ठरवून टाकले की विचारास जागा उरत नाही. कित्येक ठिकाणी पाली नावांचे उच्चार असे होतात की, माणूस कोण आणि गाव कोणते हेच कळत नाही. या ग्रंथात तर प्रत्येक विधानाला बाबासाहेबांनी क्रमांक दिलेला आहे. ते क्रमांक वाचून दाखविले तर कान थकतो, आणि गाळले तर युक्तिवादाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. शिवाय कोणाही माणसाने घरी बसून वाचावे आणि वर चढवून द्यावे, अशी सोय आज झालेली असल्यामुळे, मधली वाक्ये गाळणारे व आपली घुसडणारेही आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की, कान मोबाइलवर असला तरी छापील प्रत मांडीवर असावी. ज्या घरात एकालाही वाचता येते त्या घराला हे अवघड नाही.

सगळीच पुस्तके सारखी ऐकवत नाहीत. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालची 'फकिरा' ही कादंबरी मी तरुणपणी वाचली होती. यंदा ऐकली, आणि ऐकताना ती अधिक चढली. त्याचे कारण उघड आहे. अण्णा भाऊंना शाळा लाभली नव्हती. डफावर थाप मारून गिरणगावातल्या कामगारांना पोवाडे ऐकविणारा तो शाहीर. त्यांचे वाक्य कानासाठीच घडलेले आहे. राणोजी जोगणी घेऊन निघतो तो भाग आमच्या घरात स्वयंपाक थांबवून ऐकला गेला. एक तक्रार मात्र आहे. नायकाचे शौर्य सांगताना लेखक कधीकधी इतका भरभरून बोलतो की, भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटावे लागते त्या दुष्काळाची भयानकता मागे पडते. पुस्तक बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केलेले आहे, हे नव्या वाचकांना सांगावयास हवे. मातंग आणि महार या दोन समाजांत अंतर पडावे अशी खटपट करणाऱ्यांनी ते अर्पणाचे पान तरी उघडून पाहावे.

याच्या उलट, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' मी ऐकले नाही, वाचले. आणि तेही रात्री, घरातली सगळी निजल्यावर. १९८६ साली निघालेले हे पुस्तक मी इतकी वर्षे दूर ठेवले होते, कारण त्यात काय आहे हे मला ऐकून ठाऊक होते. बेबीताई फलटणच्या. त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. पुड्या बांधावयास जी रद्दी येई ती वाचून त्यांनी वाचनाची भूक भागविली, आणि स्वतःचे लिखाण घरच्यांपासून कितीतरी वर्षे लपवून ठेवले. पुस्तकात 'मी' फार कमी आहे; 'आम्ही' आहे. महारवाड्यातले दारिद्र्य, मेलेली जनावरे, सवर्णांच्या दारातली लाचारी, हे सगळे आहेच. परंतु ज्याने मी पुस्तक मिटून बसले, ते दुसरेच. जाच सहन न होऊन पळालेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा घालीत, आणि तो घालविणारे आपलेच लोक असत, हेही त्या सांगतात. शिकून वर गेलेल्यांनी मागच्यांकडे पाठ फिरविली, हेही त्या त्याच स्पष्टपणाने सांगतात.

अशा पुस्तकांविषयी आपल्यांत एक आक्षेप आहे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हापासून तो मी ऐकते. आपली लक्तरे वेशीवर का टांगता? आता आपण बौद्ध झालो, ते मागचे सगळे गेले, मुलांना ते कशाला दाखवावयाचे? नव्याने धम्मात आलेल्या घरांतून तर हा प्रश्न कळवळ्याने विचारला जातो, आणि विचारणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. मुलाच्या मनावर ओरखडा उठू नये असे तिला वाटते. परंतु ती लक्तरे नेसविली कोणी, हे मुलाला कळले नाही तर, उद्या त्याला कोणी हिणविले असता दोष आपल्यातच असावा, असे त्याला वाटेल. शिवाय खोडा घालणाऱ्या सासूची गोष्ट आपण दडविली, तर सुनेला आजही छळणारे घर आपल्यामागून धम्मात येईल आणि त्याला कोणी काही म्हणणार नाही. माझे मत असे आहे की, दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती हे पुस्तक एकट्याने वाचावयास देऊ नये. परंतु सोळाव्या वर्षी मुलाने आणि मुलीने दोघांनीही ते वाचलेले असावे. आणि मुलांच्या आधी बापांनी वाचावे. आपल्याकडे आत्मचरित्रे वाचणारे पुरुष पुष्कळ आहेत. बायकांनी लिहिलेली वाचणारे मला थोडेच भेटले.

लहान मुलांसाठी मी बाबासाहेबांचेच एक छोटे पुस्तक निवडले. इंग्रजीत त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. मराठी अनुवाद मिळतो. स्वतःच्या व इतरांच्या अनुभवांतले मोजके प्रसंग, आणि पाने अगदी थोडी. १९०१ साली भावंडे व भाचे मिळून मुले वडिलांकडे गोरेगावला निघतात. अंगावर नवे कपडे, मनात आगगाडीची हौस. मसूरच्या स्टेशनवर स्टेशनमास्तर चौकशी करतो, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकावयास तयार नाही. तो पायी चालणार आणि मुलांनी गाडी हाकावयाची. जवळ शिदोरी आहे, परंतु पाणी कोणी देत नाही. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने विचारले, "त्यांनी दुसऱ्या जातीचं नाव का नाही सांगितलं?" मी पुढचे पान वाचले. टोलनाक्यावर मुलांनी मुसलमान असल्याचे सांगून पाहिले होते. तरी पाणी मिळाले नाहीच. नात गप्प झाली आणि थोड्या वेळाने उठून माठाकडे गेली. हे पुस्तक मोठ्याने वाचावयाचे आहे. वाचणाऱ्याने रडू नये. लिहिणाराही त्यात कोठे रडलेला नाही.

परदेशातल्या एका पुस्तकाचा उल्लेख करते. अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आपली हकिकत छापली. बाल्टिमोर शहरात मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवावयास घेतली, तर मालकाने ते बंद पाडले. शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही, असे त्याने सांगितले. तेव्हा मुलाने काय केले? घरातली भाकर खिशात घालून रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना द्यावी आणि तिच्या मोबदल्यात धडा घ्यावा. मला फलटणच्या दुकानातली पुडीची रद्दी आठवली. आपल्याला हे पुस्तक परके वाटू नये, कारण जोतीराव फुल्यांनी १८७३ सालची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांनाच अर्पण केली आहे. माझे इंग्रजी सावकाश चालते. म्हणून मी छापील पान समोर ठेवून त्याच वेळी ध्वनिमुद्रणही ऐकले; उच्चार कळतात, आणि अडलेल्या शब्दावर माणूस थांबून राहत नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी ही युक्ती जरूर करून पाहावी. पैसे लागत नाहीत. इतकी जुनी पुस्तके फुकट ऐकावयास मिळतात.

पुढच्या रविवारपासून विहारात कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' वाचावयास घ्यावे, असे मी सुचविले आहे. १९८१ सालचे हे पुस्तक. संस्कृत शिकावयास निघालेल्या मुलीची हकिकत त्यात आहे. संस्कृतात एम. ए. होऊनही कुमुद सोमकुवर या नावाला नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर कुमुद पावडे या नावाला ती मिळाली. यावर आपल्या तरुण मुलींना बोलावयाचे पुष्कळ असेल. वाचन दुपारी चार वाजता सुरू होईल. दोन प्रती विहारात आहेत, तिसरी माझी. पाळीपाळीने सगळ्यांनी वाचावयाचे आहे. अडखळणाऱ्याला कोणी हसू नये. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी मागे भिंतीला टेकून न बसता पुढे यावे, आणि पान उलटण्यापूर्वी पहिला प्रश्न त्यांना विचारू द्यावा. माझ्या सासूबाई येणार आहेत.

जय भीम.